अकरा रोपांची हमी

"वाकडं आहे," मास्तर म्हणाले.

"वाकडं नाही हो. उजेडाकडे झुकलंय. चार दिवस फिरवून ठेवते, होईल सरळ."

"चाळीस वर्षं कापड बेततोय मी. मला वाकडं दिसतंय म्हणजे वाकडंच आहे."

"मग घ्या एका बाजूनं टीप घालून," आक्का म्हणाली आणि डाळिंबाचं रोप उचलून तिनं त्यांच्या नाकासमोर धरलं. "बघा नीट. याच्याइतकं गुणी रोप या अख्ख्या वाटिकेत नाही. वर्षभरात एक पान पिवळं पडलं नाही याचं."

मास्तरांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला. नव्या कोटातल्या गिऱ्हाइकाला बघावं तसे दोन पावलं मागे सरले, मान तिरकी केली आणि बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी एका पानावरची धूळ अंगठ्यानं पुसली. रोप पसंत पडलं होतं. गावच्या खालच्या बाजूला त्यांचं शिवणकामाचं दुकान होतं, आणि कपडे शिवणाऱ्या माणसाला मास्तर म्हणतात म्हणून तेही मास्तर. खरं नाव त्यांच्या दुकानाच्या पाटीवर होतं, पण ते वाचायची वेळ कुणावर येत नसे.

"चार दिवस राहिले," ते म्हणाले. "बायको घरी रोज विचारते, यंदा नक्की आपलंच ना? आता तिला काय सांगू, एकच चिठ्ठी उरलीय, दुसऱ्या कुणाचं असणार?"

"सांगा, आक्कानं लिहून दिलंय म्हणून."

"लिहून कशाला? तुम्ही बोललात तेवढं पुरे," मास्तर म्हणाले. हे ते अगदी सहज म्हणाले आणि आक्कानंही सहज ऐकलं.

बारा वर्षांपूर्वी या गावाच्या वरच्या आणि खालच्या बाजूत तीन दिवस भयंकर मारामाऱ्या झाल्या होत्या. कशावरून झाल्या ते आता कुणाला धड सांगता येत नाही, आणि ज्यांना सांगता येतं ते तोंड उघडत नाहीत. अकरा माणसं गेली. सहा वरच्या बाजूची, पाच खालच्या. आक्का वरच्या बाजूची; तिचा मुलगा औषधाच्या दुकानात कामाला होता, एकोणीस वर्षांचा. संचारबंदीत एका म्हाताऱ्याला दम्याचं औषध पोचवायला म्हणून गेला, तो परत आला नाही. मास्तरांची मुलगी गच्चीवर वाळत घातलेले कपडे काढायला गेली होती. कपडे दोरीवरच राहिले.

पुढे दोन्ही बाजूंना एकत्र बसवलं गेलं. मोठमोठी माणसं आली, त्यांनी घसा बसेपर्यंत भाषणं केली आणि शेवटी ठरलं की दरवर्षी याच तारखेला शांतता दिन पाळायचा आणि गेलेल्या एकेका माणसाच्या नावानं एकेक झाड लावायचं. दोन्ही बाजूंना पाणी पुरवणारा तलाव गावामागच्या टेकडीवर होता, त्याच्या कडेला. टाळ्या पडल्या. तेव्हा मास्तर मागून उठले आणि म्हणाले, "लावेल कुणीही. जगवणार कोण? ज्यांनी भाषणं केली त्यांनी हात वर करा." एकही हात वर झाला नाही. सभा तिथेच मोडायची. पण नगरपालिकेच्या रोपवाटिकेत काम करणारी एक बाई भिंतीला टेकून उभी होती, मुलगा गेल्यापासून तीन महिने कुणाशी चकार शब्द न बोललेली. ती म्हणाली, "रोपं मी वाढवीन. वर नेऊन लावायचं आमचे साहेब बघतील. अकराच्या अकरा झाडांना मी जामीन राहते." मास्तर तिच्याकडे बघत राहिले आणि खाली बसले. दुसऱ्या दिवशी पेपरात शांततेचं श्रेय तिसऱ्याच दोघातिघांना मिळालं होतं. आक्कानं पेपर वाचला नव्हता, त्यामुळे तिला त्याचं काही वाटलं नाही.

झाडांचा क्रम ठरवायला चिठ्ठ्या टाकल्या. आक्काच्या मुलाची चिठ्ठी दुसरी निघाली. मास्तरांच्या मुलीची अकरावी.

कार्यक्रम नगरपालिकेच्या आवारात व्हायचा. टेकडी पाणीपुरवठ्याच्या राखीव क्षेत्रात येते, फाटकावर पहारा, कुणाला वर सोडत नाहीत. म्हणून मंचावर रोपाला पाणी घालायचं, दोन्ही बाजूंच्या माणसांनी हात लावायचा, फोटो निघायचा, आणि मग साहेब ते रोप जीपमध्ये घालून वर घेऊन जायचे. हे साहेब म्हणजे उद्यान खात्याचे अधिकारी. आक्का त्यांना दादा म्हणायची. ती रोजंदारीवर लागली त्याच वर्षी ते कारकून म्हणून लागले होते. ते चढत गेले, ती वाटिकेतच राहिली, पण दादांनी कधी तिला 'अहो बाई' केलं नाही. मुलगा गेला तेव्हा इस्पितळाच्या व्हरांड्यात दोन दिवस तिच्या शेजारी बसून राहिलेला माणूस एकच, दादा. आत जाऊन ओळख पटवायचं कामही त्यांनीच केलं. "तू नको बघूस," म्हणाले होते. सख्खा भाऊ असता तर याहून जास्त काय करणार होता?

आणि दरवर्षी शांतता दिनाच्या आधी दादा तिच्यासाठी टेकडीवरून एक पान आणायचे. तिच्या झाडाचं. तुती होती ती. आक्काच्या घरामागच्या तुतीची फांदी लावून तिनं ते रोप केलं होतं, कारण त्या तुतीवर चढून मुलगा लहानपणी तोंड आणि सदरा एकदमच जांभळा करून यायचा. तुतीचं पान मोठं लहरी. एकाच फांदीवर एक पान साधं, तर शेजारचं हातमोज्यासारखं कापलेलं. दादांनी आणलेलं पान एका वर्षी साधं असायचं, एका वर्षी कापलेलं. आक्का ते पान घेऊन दोन्ही बाजूंच्या घरांत जायची. "बघा, माझं कसं तरारलंय. तुमचंही असंच असणार," म्हणायची. बायका पान हातात घेऊन बघायच्या, कुणी डोळे पुसायच्या. मास्तर पान चष्म्याजवळ नेऊन त्याच्या शिरा मोजल्यासारख्या बघायचे आणि म्हणायचे, "माझी पाळी येईपर्यंत मी टिकलो म्हणजे मिळवली."

मास्तर रोप बघून गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी वाटिकेच्या फाटकाशी रिक्षा थांबली आणि दादांच्या बायको उतरल्या. हातात वर्तमानपत्राची पुरचुंडी.

"आक्का, आधी हे बघा," वहिनींनी बसायच्या आधीच कागद उलगडला. "हे मिटिंगला परगावी गेलेत, उद्या येतील. तोवर माझ्याच्यानं धीर धरवेना. मरतंय का हो आमचं झाड?"

आत एक डहाळी होती, पानांच्या बेचक्यांत पांढरा कापूस चिकटल्यासारखा. आक्का हसली. "पिठ्या ढेकूण आहे वहिनी, मरत नाही एवढ्यानं. साबणाच्या पाण्यानं धुवायचं." मग तिनं डहाळी उलटीपालटी केली. "तुती? तुमच्याकडे तुती आहे?"

"आहे म्हणजे काय? अंगण भरून आहे."

"दादा कधी बोलले नाहीत."

"ते घरी तरी कुठे बोलतात? चला ना, रिक्षा थांबवलीय. तुमचा हात लागला म्हणजे मला झोप येईल."

दादांनी घर बांधून आठ वर्षं झाली होती आणि आक्का त्या घरी कधी गेली नव्हती. जायचं दरवर्षी ठरायचं. कधी रंगकाम निघायचं, कधी पाहुणे यायचे, आणि अलीकडे दादा म्हणायचे, "तुझ्या गुडघ्याला तो चढ झेपायचा नाही गं." रिक्षा थांबली तेव्हा आक्कानं मुद्दाम इकडेतिकडे पाहिलं. रस्ता परातीसारखा सपाट होता. तिला गंमत वाटली. पुरुषांना आपलं घर नेहमी उंचावरच वाटतं, असं काहीतरी ती वहिनींना सांगणार होती. पण तोवर तिला झाड दिसलं.

झाड घराच्या गच्चीच्या वर गेलं होतं. जमिनीपासून वीतभर उंचीवर त्याचे दोन बुंधे झाले होते. एक सरळ वर गेलेला आणि दुसरा आधी बाहेर, मग पुन्हा आत वळलेला. असे दोन बुंधे आपोआप होत नाहीत. ते रोप गुडघ्याएवढं असताना वाटिकेतली फळी त्याच्यावर पडली होती, शेंडा मोडला होता, आणि आक्कानं दोन्ही फुटवे काडीला बांधून वाढवले होते. एक छाटून टाक, असं तेव्हा सगळ्यांनी सांगितलं होतं. तिच्यानं छाटवलं नव्हतं.

ती पुढे झाली आणि बुंध्याशी बसली. गुडघा कुरकुरला. वाटिकेतून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक रोपाला ती पत्र्याची पट्टी तारेनं बांधायची, पट्टीवर खिळ्यानं टोचून आकडा काढायची. इथे तार सालीनं गिळून टाकली होती. पट्टीचं एक टोक तेवढं बाहेर राहिलं होतं. तिनं नखानं शेवाळ खरवडलं. ठिपक्याठिपक्यांचा दोन.

"काय झालं? मुळाशीही लागलंय का?" वहिनी मागून म्हणाल्या.

"नाही. मूळ चांगलंय."

"असणारच. यांनी लेकरासारखं वाढवलंय. आम्ही राहायला यायच्या आधी, नुसता पाया घातला होता तेव्हा, जीपमधून मांडीवर घेऊन आले होते. आणि एक वेड सांगू का? दरवर्षी शांतता दिन आला की याचं एक पान तोडून खिशात घालून ऑफिसला जातात. मी विचारलं तर म्हणे, या झाडाचं पान जवळ असलं की भाषण चांगलं होतं." वहिनी हसल्या. "एवढा मोठा माणूस, पण कशावर श्रद्धा बसेल सांगता येत नाही."

आक्कानं बादली मागितली, साबण मागितला. हाताला लागेल तेवढ्या फांद्या तिनं एकेक करून धुतल्या. धुताना तिला रडू आलं नाही, त्याचं तिलाच नवल वाटलं. मुलगा अकरा वर्षांचा असताना त्याला गोवर झाला होता, तेव्हा तिनं त्याचं अंग असंच पुसलं होतं. निघताना ती एवढंच म्हणाली, "मी येऊन गेले ते दादांना लगेच सांगू नका. मीच सांगेन." वहिनींना वाटलं, आक्काला दादांना चकित करायचं असेल.

घरी न जाता ती पाणीपुरवठ्याच्या फाटकापाशी गेली. पहारेकरी नवा होता, त्याला अजून नियम पाठ झाले नव्हते. त्यानं तिला वर सोडलं. चढ होता तो इथे. पोचायला तिला पाऊण तास लागला. तलावाच्या कडेला वाळलेलं गवत होतं, पाण्याच्या पाइपचे तुकडे होते आणि एका जागी विटांचं छोटंसं गोल आळं होतं, त्यात काळी पडलेली एक काटकी उभी होती. पहिल्या वर्षीचं झाड. बाकी दुसरं काहीही नव्हतं. दुसऱ्या झाडासाठी कधी खड्डाही खणला गेला नव्हता.

दादा दुसऱ्या दिवशी दुपारी वाटिकेत आले. नेहमीसारखे लांबूनच हसत, खांद्यावर चामडी बॅग. पत्र्याच्या शेडमधल्या एकुलत्या खुर्चीवर बसले आणि बॅगेतून एका फायलीत जपून ठेवलेलं पान काढून त्यांनी टेबलावर ठेवलं. हातमोज्यासारखं होतं या वर्षी.

"घे. मिटिंगहून येताना मुद्दाम वर चक्कर मारली. काय झालंय म्हणतेस झाड! पाखरांची नुसती दाटी. खालची माती जांभळी झालीय."

आक्कानं पानाला हात लावला नाही. "मास्तरांच्या पोरीसाठी खड्डा काढलात का?"

"काढलाय. तुझ्या झाडाच्या शेजारीच. म्हटलं, दोघं जवळजवळ असू देत."

"दादा," ती म्हणाली, "साबणाचं पाणी आणखी दोनदा मारा. एका धुण्यात पिठ्या ढेकूण जात नाही. आणि वरच्या फांद्यांना माझा हात पोचला नाही."

दादांच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरलं. ते पानाकडे बघत होते, जणू त्यानंच चुगली केली.

"तू घरी गेली होतीस."

"आणि वरही गेले होते."

शेडबाहेर पाण्याची नळी तशीच वाहत होती. आक्कानं आजवर पाण्याचा थेंब वाया जाऊ दिला नव्हता. आज ती उठली नाही.

"ऐक माझं," दादा म्हणाले. "पहिलं झाड मी स्वतः लावलं. स्वतः. उन्हाळ्यात वाळलं. वर पाणी आहे, पण तळ्यातून बादलीभर काढायला माणूस द्यायला कुणी तयार नाही. मी वरिष्ठांना पत्र लिहिलं. उत्तर काय आलं माहितीय? पुढील वर्षीचा कार्यक्रम वेळेवर पार पाडावा. बस्स. मग मी काय करणार होतो?"

"मला सांगायचंत."

"तुला सांगणार होतो. दुसरी चिठ्ठी तुझी निघाली नसती तर सांगितलंही असतं. तुझ्या पोराचं झाड तिथे मरायला सोडू? माझ्यानं झालं नाही ते. मांडीवर घेऊन घरी गेलो. विचार तुझ्या वहिनीला. पहिली दोन वर्षं मी स्वतः पाणी घातलंय त्याला, गड्याला हात लावू दिला नाही. आणि पानं खोटी आणली का मी कधी? तुझ्याच झाडाची आणली ना?"

"आणि बाकीची?"

दादांनी फाईल उचलून बॅगेत घातली.

"आठ रोपं, दादा. मी वाढवलेली. ती कुठे गेली?"

"काही बंगल्यांवर गेली. चांगली मोठी झालीयत. दोन-तीन पाहुण्यांना भेट म्हणून दिली. काही..." त्यांनी हात हवेत हलवला. "कोण विचारत होतं, आक्का? खरं सांग. लोकांना झाड नको असतं. लोकांना तो एक दिवस हवा असतो. एकत्र यायचं, डोळे पुसायचे, घरी जायचं. अकरा वर्षांत एक दगड उडाला का या गावात? नाही ना? मग झालं की काम!"

"काम त्या झाडांच्या भरवशावर झालं. मी सांगत फिरले घरोघर. पान दाखवत फिरले."

"तेच म्हणतोय मी. तुझ्यामुळेच झालं. म्हणून तर आता ते मोडू नकोस." दादा पुढे झुकले. त्यांचा आवाज इस्पितळाच्या व्हरांड्यात होता तसाच मऊ झाला. "खालच्या बाजूला कळलं की वरच्यांनी फसवलं, तर पुढे काय होईल ते तुला सांगायला नको. दोन महिन्यांनी मी निवृत्त होतोय, माझं सोड. पण पुन्हा कुणाचं पोर गेलं तर ते तुझ्या बोलण्यानं गेलेलं असेल. आणि झाड तुझंच आहे. रविवारी येत जा ना घरी. बस त्याच्या सावलीत. मी कधी नाही म्हणालोय का?"

आक्काला वाटलं, या माणसानं सुरीनं गळा कापला असता तरी इतकं दुखलं नसतं. शत्रूनं फसवलं तर माणूस शिव्या तरी देतो. इथे शिवी द्यायला तोंड उघडावं तर व्हरांड्यातला तो बाक आठवायचा, शेजारी बसलेला माणूस आठवायचा. अकरा जणांतल्या एकाचं झाड वाचवायचं आणि त्याच्याच आईच्या हातात पान देऊन तिला बाकीच्यांच्या दारात पाठवायचं, यातलं प्रेम कुठलं आणि लबाडी कुठली हे त्या माणसालाही आता सांगता आलं नसतं.

"तुम्ही जा दादा," ती म्हणाली.

"म्हणजे? सांगणार नाहीस ना?"

"जा तुम्ही."

ते गेल्यावर तिनं उठून नळ बंद केला.

पुढचे दोन दिवस तिनं बरेच हिशोब मांडून पाहिले. गप्प बसावं आणि मास्तरांचं डाळिंब गुपचूप कुठेतरी नीट लावावं. वाटिकेतच लावावं. पुढच्या वर्षी एक पान नेऊन द्यावं, म्हणावं, वर छान चाललंय. इथपर्यंत आल्यावर तिच्या लक्षात आलं की हे सगळं आपण दादांच्याच आवाजात बोलतोय. त्यानंतर तिनं विचार करणं सोडून दिलं. भीती वाटत होतीच. मास्तर काय म्हणतील याची वाटत होती, गावाची तितकी नाही. नवरा लवकर गेला, मुलगा गेला, त्यानंतर या गावात मनातलं सांगावं असं एकच माणूस तिला मिळालं होतं आणि ते खालच्या बाजूचं होतं.

शांतता दिनाच्या सकाळी ती रोप घेऊन नगरपालिकेकडे न जाता खालच्या बाजूला गेली. मास्तर दुकानात तयार होऊन बसले होते. नवा सदरा, स्वतः शिवलेला. शांतता दिनाला दोन्ही बाजूंची दुकानं बंद असतात, त्यामुळे मशीनवर कापड झाकलेलं होतं. हातात मापं लिहायच्या कागदाचा तुकडा होता आणि ते पुटपुटत काहीतरी पाठ करत होते.

"अहो, तुम्ही इकडे कशा? मी निघतच होतो." मग रोपाकडे बघून म्हणाले, "सरळ झालं की! चार वाक्यं बोलायची आहेत मला. पहिल्याच वाक्याला अडतोय. ऐकता का?"

"मास्तर, बसा," आक्का म्हणाली. "आधी माझं ऐका."

तिनं सगळं सांगितलं. काही राखलं नाही, दादांची बाजूही सांगितली. सांगताना तिची नजर मशीनवरच्या कापडावर होती. तिचं बोलणं संपलं तेव्हा लांब नगरपालिकेच्या आवारात लाउडस्पीकर सुरू झाला होता, हॅलो हॅलो चाललं होतं.

मास्तरांनी कागदाची घडी घातली. पुन्हा एक घडी घातली.

"वर काही नाही?"

"एक वाळलेली काटकी आहे. पहिल्या वर्षीची."

"आणि तुमचं झाड आहे."

"आहे."

"मोठं झालंय?"

तिला खोटं बोलता आलं असतं. "गच्चीच्या वर गेलंय," ती म्हणाली.

"म्हणजे पानं खरी होती."

"खरी होती."

"बरं," मास्तर म्हणाले. मग, तिच्याकडे न बघता, "आक्का, तुम्हाला माहीत नव्हतं?"

"नव्हतं हो मास्तर! परवा कळलं. तुमची शपथ."

"माझी कशाला घेता?" ते हळूच म्हणाले. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. "भाषण करणाऱ्यांवर माझा कधीच विश्वास नव्हता. मी त्या सभेत खाली बसलो तो तुम्ही बोललात म्हणून. आणि नंतर ते पान बघून. दरवर्षी वाटायचं, एकाचं जगलंय म्हणजे सगळ्यांची जगली असतील. तुमचं तेवढं जगलं."

आपण गुन्हेगार नाही हे आक्काला ठाऊक होतं आणि ते सिद्ध करायला तिच्याकडे काही नव्हतं. होतं ते सगळं उलट बाजूचंच होतं: जिवंत झाड, खरी पानं आणि तिनं दिलेली हमी.

मास्तर उठले. त्यांनी तिच्या हातातून रोप घेतलं, अगदी सावकाश, तिच्या बोटांना धक्का लागू न देता.

"मी येते. खड्डा मी काढते, तुम्हाला सवय नाही," ती म्हणाली.

"नको. आमचं आम्ही करू."

आमचं आम्ही. अकरा वर्षांत हा शब्द त्यांच्या तोंडून या अर्थानं तिनं ऐकला नव्हता. ती दुकानाची पायरी उतरली आणि रस्ता ओलांडून पलीकडे जाऊन उभी राहिली. त्याहून लांब जायला तिचे पाय तयार होईनात.

मास्तरांनी शेजारून पहार आणली. दुकानाची पायरी आणि गटार यांच्यामध्ये हातभर मातीची पट्टी होती, तिथे ते खणायला लागले. पहार त्यांना पेलत नव्हती. नव्या सदऱ्यावर माती उडत होती, ते मधेच थांबून धाप टाकत होते. दुकानावरच्या खोलीच्या खिडकीतून त्यांची बायको बघत होती. लाउडस्पीकरवर कुणीतरी म्हणत होतं की आक्का जिथे असतील तिथून त्यांनी ताबडतोब मंचावर यावं, पाहुणे आलेले आहेत. दोनदा म्हणालं. मग दुसरा आवाज आला, कार्यालयातलं एखादं शोभेचं झाड तरी आणा रे कुणीतरी. तो माइक बंद करायचा राहिला होता. सगळ्या गावानं ते ऐकलं असणार.

खड्डा कसाबसा झाला. मास्तरांनी रोप उचललं आणि वाटिकेतून आलं होतं तसंच, प्लॅस्टिकच्या पिशवीसकट, खड्ड्यात ठेवलं. हातांनी माती लोटायला लागले.

आक्काला बोलायचा हक्क उरला नव्हता. माती पिशवीच्या कडेपर्यंत आली.

"मास्तर," ती रस्त्याच्या पलीकडून म्हणाली, "आधी पिशवी काढा. मुळं कोंडून मरेल ते."

मास्तरांचे हात थांबले. मग त्यांनी माती बाजूला केली, रोप बाहेर घेतलं, दुकानातून ब्लेड आणलं आणि पिशवी कापून काढली. मुळांभोवतीची माती सांडणार नाही असं रोप दोन्ही तळहातांवर धरून त्यांनी ते खड्ड्यात ठेवलं. पाणी घातलं. या सगळ्यात त्यांनी एकदाही वर पाहिलं नाही.

मग ते आत गेले. त्यांनी मशीनवरचं कापड काढलं आणि शिवायला बसले. शांतता दिनाला त्या रस्त्यावर दुसरं एकही दुकान उघडं नव्हतं, त्यामुळे मशीनचा आवाज पार टोकापर्यंत ऐकू येत होता.